नेट गेले, पण नेमके काय गेले?



‘नेट गेले’ असे आपण दिवसातून कितीदा तरी म्हणतो. पण हे म्हणणे ‘पेशंटला बरे वाटत नाही’ एवढेच सांगण्यासारखे आहे. ताप आहे, खोकला आहे की पाय मुरगळला आहे, हे त्यातून कळत नाही. डॉक्टर आधी तपासतात आणि मग औषध देतात. राउटर बंद पडला की आपण मात्र आधी औषध देतो. बटण बंद करून पुन्हा चालू करतो, तेवढ्याने भागले नाही तर मागच्या छिद्रात टाचणी खुपसतो, आणि शेवटी नवा राउटर आणतो.

या लेखात आपण दोष शोधायची रीत पाहू. नंतर टाकाऊ राउटर वापरून घरी छोटी प्रयोगशाळा कशी उभारायची तेही पाहू. पण आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो.

एक फसलेली तपासणी

काही वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यातील शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरणे चालू होते. मुदतीचे दोन दिवस उरले होते आणि नेट दर चार-पाच मिनिटांनी जात होते. तेथील शिक्षक माझे परिचित. त्यांनी बोलावले म्हणून मी मल्टिमीटर घेऊन गेलो. राउटरची पिन काढून अ‍ॅडॅप्टरचे विभवांतर मोजले. ते भरले १२.१ व्होल्ट. अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलेले होते. ‘वीजपुरवठा उत्तम आहे, दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे,’ असा निर्वाळा मी दिला. तक्रार नोंदवली गेली. माणूस येईपर्यंत मुदत संपत आली, म्हणून मुलांना एसटीने तालुक्याला पाठवावे लागले. बहुतेकांचे अर्ज भरले गेले, पण एका मुलीचा राहिला तो राहिलाच.

लाइनमध्ये दोष नव्हताच. त्याच आठवड्यात मी बारावीच्या वर्गात विद्युत घटाचा अंतर्गत रोध शिकवत होतो. ‘परिपथ खुला असताना मोजलेले विभवांतर घटाची खरी ताकद सांगत नाही,’ हे वाक्य फळ्यावर लिहिले आणि खडू हातातच राहिला. शाळेतला अ‍ॅडॅप्टर मी नेमका खुल्या परिपथातच मोजला होता! दुसऱ्या दिवशी जाऊन राउटर चालू असताना मोजले, तेव्हा आकडा ९ आणि ११ व्होल्टच्या दरम्यान नाचत होता. राउटरला जास्त विद्युतधारा लागली की विभवांतर खाली येई आणि तो स्वतःहून बंद पडून पुन्हा सुरू होई. अ‍ॅडॅप्टर बदलला आणि नेट सुरळीत झाले. त्या मुलीचा अर्ज मात्र माझ्या घाईमुळे राहिला, हे मी विसरलेलो नाही.

असे का होते? अ‍ॅडॅप्टरमध्ये विद्युत-अपघटनी धारित्रे असतात. त्यांतील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा धारित्राचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. आपल्या विदर्भातील उन्हाळा आणि पत्र्याचे छप्पर लक्षात घ्या, म्हणजे अ‍ॅडॅप्टर लवकर म्हातारे का होतात ते समजेल.

मधोमध पाहा

आता दोष शोधण्याची रीत. विहिरीपासून शेतापर्यंत तुषार सिंचनाच्या १६ पाइपांची ओळ आहे, मोटार चालू आहे, पण टोकाला पाणी येत नाही. शहाणा शेतकरी पहिल्या पाइपापासून एकेक जोड सोडत बसत नाही. तो आठव्या पाइपाचा जोड सोडून पाहतो. तेथे पाणी आले तर अडथळा पुढच्या आठांत, नाही आले तर मागच्या आठांत. मग चार, मग दोन, मग एक. चार तपासण्यांत अडलेला पाइप सापडतो, कारण २ × २ × २ × २ = १६.

संगणकापासून दूरच्या संकेतस्थळापर्यंतचा मार्गही असाच जोडाजोडाचा असतो. तुमचा संगणक, केबल किंवा वाय-फाय, राउटर, काचतंतू, सेवा देणाऱ्याचे केंद्र, आणि पुढे अनेक राउटर. या साखळीचा सोयीचा मध्य म्हणजे तुमच्याच घरातला राउटर. तो उत्तर देतो का, एवढे कळले की दोष घरात की बाहेर, याचा निकाल लागतो.

हे विचारण्याचे साधन म्हणजे ‘पिंग’ ही आज्ञा. माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने ती १९८३ च्या डिसेंबरमध्ये तयार केली. पाणबुडी ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते, त्या आवाजावरून हे नाव पडले. संगणकही एक छोटा संदेश पाठवतो आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते सांगतो.

पाच पायऱ्या

१. दिवे पाहा. काचतंतूच्या पेटीवर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा असतो. तो पेटला याचा अर्थ प्रकाशाचा संकेत पोहोचत नाही. तंतू तुटला असेल, फार वाकला असेल किंवा जोड सुटला असेल. अशा वेळी राउटरच्या आतल्या जोडण्या बदलून काहीही उपयोग नाही.

२. स्वतःचा पत्ता पाहा. विंडोज संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टंकित करा. घरातील पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवले आहेत आणि हा त्यांपैकी एक आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक घेतला आहे असे समजा.

३. राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता मागच्या पायरीत ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावापुढे दिसतो. उत्तर आले, तर घरातील भाग ठीक आहे.

४. बाहेरच्या एखाद्या क्रमांकाला पिंग करा. उदाहरणार्थ ८.८.८.८. उत्तर आले, तर बाहेरचा रस्ता मोकळा आहे.

५. एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करा. चौथ्या पायरीला उत्तर मिळते पण ‘नाव सापडत नाही’ असा निरोप येतो, तर दोष डीएनएसमध्ये आहे. नावावरून क्रमांक शोधून देणारी ही वही आहे. तिची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. रस्ता चांगला आहे, फक्त पत्ता सांगणारा माणूस जागेवर नाही, अशी ही स्थिती असते.

पिंगच्या वेळेतही भौतिकशास्त्र आहे. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. वाशीम ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४६० किलोमीटर आहे. तंतू वळणे घेत जातो, म्हणून ६०० किलोमीटर धरू. जाऊन येण्यास १,२०० किलोमीटर, म्हणजे ६ मिलिसेकंद. मुंबईहून याहून फार लवकर उत्तर येणे शक्यच नाही. ६० मिलिसेकंद लागले, तर उरलेला वेळ वाटेतल्या यंत्रांत आणि रांगांत गेला.

घरची प्रयोगशाळा

साहित्य: दोन जुने राउटर, तीन केबल, एक संगणक, मल्टिमीटर, १२ व्होल्ट १० वॅटचा मोटारसायकलच्या इंडिकेटरचा दिवा आणि एक वही. जुने राउटर शाळेच्या कपाटात किंवा भंगारवाल्याकडे सहज मिळतात. या प्रयोगांना नेट लागत नाही.

प्रयोग पहिला. १ अँपिअर किंवा जास्त क्षमतेच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरचे विभवांतर आधी नुसते मोजा, मग दिवा जोडून मोजा. एका जुन्या अ‍ॅडॅप्टरने मला अनुक्रमे १२.१ आणि ९.७ व्होल्ट दाखवले. दिव्यातून त्या वेळी ०.७५ अँपिअर धारा जात होती. घट २.४ व्होल्ट, म्हणून अंतर्गत रोध जणू २.४ ÷ ०.७५ = ३.२ ओहम. चांगल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये ही घट अगदी थोडी असते.

प्रयोग दुसरा. दोन्ही राउटरांना १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता द्या. पहिल्याच्या लॅन खाचेतून दुसऱ्याच्या वॅन खाचेत केबल जोडा आणि संगणक दुसऱ्याला जोडा. दुसऱ्या राउटरला दोन्ही बाजूंना एकच वस्ती दिसते, त्यामुळे संदेश कोणीकडे द्यावा हे त्याला ठरवता येत नाही. एकाच नावाच्या दोन गल्ल्या असल्या म्हणजे पोस्टमनचे जे होते तेच हे. आता दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करा आणि पहिल्याला पिंग करून पाहा. उत्तर येईल. (काही नवे राउटर हा घोटाळा ओळखून पत्ता स्वतःच बदलतात. तसे झाल्यास वहीत नोंद करा.)

प्रयोग तिसरा. संगणक जोडलेल्या एका राउटरच्या दोन लॅन खाचा एकाच केबलने जोडा. बहुतेक जुन्या राउटरांचे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागतील आणि पिंगची उत्तरे थांबतील. ‘अमुक पत्ता कोणाचा?’ असा सर्वांना उद्देशून आलेला प्रश्न सर्व खाचांतून बाहेर जातो, केबलमधून परत येतो आणि पुन्हा बाहेर जातो. या पातळीवर संदेशाला आयुष्यमर्यादा नसते, म्हणून तो थकत नाही. केबल काढताच शांतता पसरते. मोठ्या जाळ्यांत असे वळसे आपोआप बंद ठेवण्याची युक्ती रॅडिया पर्लमन या विदुषीने १९८५ मध्ये शोधली. स्वस्त यंत्रांत ती बहुधा नसते. लोंबकळणारी केबल कोणी सद्भावनेने रिकाम्या खाचेत खोचली आणि सारी संगणक खोली ठप्प झाली, असे म्हणूनच घडते. हा प्रयोग शाळेच्या चालू जाळ्यावर कधीही करू नका.

वहीचे चार रकाने

प्रत्येक बिघाडासाठी वहीत चार रकाने आखा: लक्षण, तपासणी, आढळले काय, बदल काय केला. एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि नेट आले, तर कशाने आले हे कधीच कळणार नाही. टाचणीचे ‘रीसेट’ बटण तर शेवटचे. त्याने सेवा देणाऱ्याने भरलेली माहिती पुसली जाते आणि दोषाचा पुरावाही पुसला जातो.

सावधगिरीच्या तीन गोष्टी. अ‍ॅडॅप्टर उघडू नका, आत २३० व्होल्ट असतात. काचतंतूच्या उघड्या टोकात डोकावू नका. त्यातील प्रकाशाची तरंगलांबी १३१० व १४९० नॅनोमीटर अशी अवरक्त असते, म्हणून डोळ्याला काहीच दिसत नाही, पण इजा होऊ शकते. विजा चमकत असतील तर प्लग आणि तांब्याच्या केबल काढून ठेवा.

पुढची वाट

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि आता भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेचा उद्देश काचतंतू ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचा आहे. तंतू गावात येणे ही पहिली पायरी झाली. तो चालू ठेवणारा माणूसही गावात हवा. रिसोड किंवा मानोऱ्याच्या एखाद्या खेड्यातील शाळेने प्रत्येक वेळी शहरातून येणाऱ्या माणसाची वाट का पाहावी?

या विषयात पुढे जायचे असेल, तर सिस्को कंपनीच्या सीसीएनएसारख्या प्रमाणपत्र परीक्षा असतात. त्यांची फी मोठी असते, म्हणून घाई करू नका. ‘पॅकेट ट्रेसर’ नावाचे संगणकावरील प्रतिरूप नाव नोंदवून मोफत मिळते. त्यात वीस राउटरांचे जाळे उभारता येते. पण प्रतिरूपात अ‍ॅडॅप्टर म्हातारा होत नाही आणि उंदीर केबल कुरतडत नाहीत. म्हणून दोन्ही करा: मोठी जाळी पडद्यावर आणि खरे बिघाड टेबलावर. मित्राने मुद्दाम एक दोष निर्माण करावा आणि तुम्ही तो शोधावा, यासारखा दुसरा सराव नाही.

विचार करा

१. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, पण त्याच राउटरवर मोबाइल व्यवस्थित चालतो. सर्वप्रथम काय तपासाल?

२. एका संकेतस्थळाचे केंद्र १२,००० किलोमीटर दूर आहे असे कोणी सांगितले. पिंगचे उत्तर मात्र ८ मिलिसेकंदांत आले. तुमचे अनुमान काय?

३. ३२ जोडांच्या ओळीत एकच जोड बिघडला आहे. जास्तीत जास्त किती तपासण्या लागतील?

उत्तरे वहीत लिहा आणि आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवा. आणि एखाद्या यंत्राला ‘चांगले’ म्हणण्यापूर्वी ते काम करत असताना मोजले होते का, हे स्वतःला विचारा. मी त्या दिवशी विचारले नव्हते.