मागचा एक्सल आधी मोज

तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर

चि. बाळा,


दाजींची पिकअप विकायची नाही, नीट करून दारात ठेवायची, असं तू ठरवलंस. फार बरं वाटलं. ज्या गाड्यांवर घरं उभी राहिली त्या गाड्या भंगारात जाताना मी बऱ्याच पाहिल्यात. ती खाली घ्यायची तुझी हौसही मला वावगी वाटत नाही. लांब बॉनेटची जुनी गाडी जमिनीलगत बसली की देखणी दिसतेच. पण फोनवर तू सगळं उंचीबद्दलच बोललास. दोन इंच का चार इंच, ब्लॉक लावू का पाटे बदलू, एवढंच. मागच्या एक्सलचा एका शब्दानंही उल्लेख झाला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. गाडी खाली बसवायला एक दिवस पुरतो. खाली बसल्यावर तिचा मागचा एक्सल चासीशी काटकोनात राहिला नाही, तर पुढची सगळी वर्षं ती तुला टायर, स्टिअरिंग आणि शाफ्टच्या क्रॉस-जॉइंटच्या खर्चात ठेवील.

आधी ती उंच का आहे ते बघ. कंपनीतून ती एवढी उंच आली नव्हती. उन्हाळ कांदा निघाला की दाजी नेप्तीच्या बाजाराला गोण्या भरून जायचे, वाटेत करंजी घाट. आपल्या भागात माल वाहणाऱ्या पिकअपला मालक पाटे चढवून घेतोच, तसे दाजींनीही घेतले होते. पाटे चढवले की कमान वाढते आणि स्प्रिंग कडक होते. मग रिकामी गाडी मागून उचललेली दिसते आणि खड्ड्यात उडते. म्हणून पहिलं काम म्हणजे दोन्ही बाजूंचे पाटे मोजणं. प्रत्येक पाट्याची जाडी आणि लांबी लिही. मूळचे कुठले आणि नंतर चढवलेले कुठले, हे गंजावरून आणि टोकांच्या घडणीवरून कळेल. चढवलेले उतरवलेस तर गाडी कंपनीच्या उंचीवर येईल, आणि तुला हवं त्यातलं बरंचसं तिथंच मिळेल. वर कायद्याचा प्रश्नही उरत नाही.

मात्र मूळचे पाटे काढू नकोस. सारख्या जाडीच्या पाट्यांत ताकद ढोबळमानानं संख्येच्या प्रमाणात असते. नवातले दोन काढलेस तर पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त ताकद गेली. तू म्हणशील, मला आता कांदा भरायचा नाही. पण चार माणसं हौद्यात बसवून कुणीतरी मढीच्या यात्रेला निघेलच, आणि तेव्हा एक्सलचं हाउसिंग जाऊन बंप रबरावर आदळेल.

एवढं करूनही आणखी इंच-दीड इंच खाली हवी असेल, तर पाट्यांची कमान उतरवून घे. ते काम पाटेवाल्याकडेच, पाटे थंड असताना व्हायला हवं. गॅसच्या ज्योतीनं तापवून पाटा बसवणारे अजून आहेत, त्यांच्या दारात गाडी नेऊ नकोस. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं. तापवलेल्या जागी ते उतरतं आणि पाटा तिथंच बसतो किंवा तुटतो.

ब्लॉकचं गणित नीट समजून घे, कारण त्यात पोरं फसतात. पाटे हाउसिंगच्या खालून गेले असतील, तर पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये ठोकळा घातला की गाडी खाली येते. पाटे हाउसिंगच्या वर असतील, तर तोच ठोकळा गाडी उचलतो. वरचे पाटे खाली नेऊन गाडी पाडायची म्हटलं, तर हाउसिंगच्या नळीचा व्यास, पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी आणि पाटे ज्यावर बसतात त्या पॅडची उंची, एवढ्या सगळ्यानं ती एकदम खाली जाते. मग हाउसिंगला जागा उरत नाही म्हणून चासीला चंद्रकोरीसारखा काप देतात. ते तू करायचं नाहीस. शिडीच्या चासीत मागच्या एक्सलवरचा भाग वाकायचा बराच ताण घेतो, आणि तिथंच काप दिला की आडवी वेल्डिंग कितीही सुबक असली तरी माझा तिच्यावर भरवसा नाही.

तू मला अमेरिकेतल्या गाड्यांचे व्हिडिओ पाठवलेस. ते लोक या कामात फार जुने आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या पोरांनी जुन्या गाड्या खाली घेतल्या आणि सपाट रस्त्यावर संथ फिरवल्या. चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नसावा, असा कायदा कॅलिफोर्नियानं 1958 पासून लागू केला. त्यावर तोड म्हणून त्यांनी बटण दाबलं की वर उठणारी हायड्रॉलिक गाडी काढली. त्या लोकांच्या कसबाला माझा मान आहे. पण त्यांच्या वाटेत गावोगावचे गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचा आपला रस्ता नव्हता.

आपल्याकडचा कायदाही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चासी कापलेली मालवाहू गाडी फिटनेसला उभी करून बघण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये.

आता मूळ मुद्दा.

मागच्या चाकांना दिशा देणारं काहीच नसतं, ती हाउसिंगच्या नळीला घट्ट. नळी पाट्याच्या ज्या जागी बसली, तिथं तिला धरून ठेवतं ते सेंटर बोल्टचं डोकं. ते पॅडच्या भोकात बसतं. यू-बोल्टचं काम दाबायचं, सेंटर बोल्टचं काम जागा राखायचं. वर्षानुवर्षं लोड, सैल यू-बोल्ट, करंजी घाटात ब्रेकचा दाब, यानं पॅडचं भोक लांबोळकं होतं किंवा सेंटर बोल्ट तुटतो, आणि हाउसिंग एका बाजूला मागे सरकतं. आपल्याकडे जुन्या बैलगाडीचा आख एका बाजूला मागे सरकला की बैल दिवसभर एकीकडे ओढत राहायचे, तसंच इथं स्टिअरिंग ओढत राहतं.

याचं मोजमाप तुझ्या हातात आहे. समज, चाकापासून चाकापर्यंत 1400 मिमी अंतर आहे आणि डावी बाजू उजवीपेक्षा 6 मिमी मागे आहे. सहा मिमी डोळ्याला दिसणारही नाहीत. कोन पडला पाव अंश. पण पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये 2400 मिमी अंतर असेल, तर मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेपासून 10 मिमी डावीकडे धावतात. गाडी उजवीकडे वळू पाहते आणि सरळ जायला स्टिअरिंग थोडं डावीकडे धरावं लागतं. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीतून मागे जाऊन बघ, फरक जास्त असेल तर पुढच्या-मागच्या टायरच्या ओल्या रेषा एकमेकींवर पडत नाहीत.

अशी गाडी अलाइनमेंटला नेली, तर बहुतेक ठिकाणी पुढच्या चाकांचा टो-इन बसवून देतात आणि स्टिअरिंग सरळ करून देतात. मूळ दुखणं तसंच मागे राहतं. मशीनवर गाडी घेतलीस, तर मागच्या एक्सलचा कोन आधी दाखवा असं स्पष्ट सांग.

घरी मोजायचं तर सपाट फरशी लागते. चारही चाकांत सारखी हवा भर. गाडी दोन-चार हात मागे-पुढे ढकल म्हणजे पाटे मोकळे होतील. मग ओळंबा घे. मागच्या पाट्याचं पुढचं टोक चासीला ज्या बोल्टनं जोडलंय, त्या बोल्टच्या मध्यातून दोन्ही बाजूंना ओळंबा सोड आणि फरशीवर खडूनं खूण कर. तसंच हाउसिंगच्या दोन्ही टोकांवर, चाकाच्या मध्याच्या रेषेत. मग बोल्टच्या खुणेपासून त्याच बाजूच्या एक्सलच्या खुणेपर्यंतचं अंतर डावीकडे किती, उजवीकडे किती, ते मोज. त्यानंतर दोन्ही कर्ण. कर्ण सारखे आले आणि बाजू सारख्या आल्या, तर एक्सल काटकोनात. फरक 3 मिमीच्या आत असेल तर त्याला हात लावू नकोस. जास्त असेल, तर आधी चासीच सरळ आहे का ते बघ. पुढच्या बाजूच्या दोन सारख्या भोकांपासून मागच्या दोन भोकांपर्यंतचे कर्ण तपासून घे. चासी वाकलेली असेल, तर एक्सल तिच्या वाकड्या भागाशी काटकोनात आणून काय उपयोग?

चूक सापडली की कारण शोध. यातली दोन-तीन कारणं एकाच वेळी असतात, आणि लोक पहिलं सापडलं की थांबतात. पुढच्या बोल्टचा रबर बुश झिजलेला आहे का? ब्रॅकेट वाकलंय का? पॅडचं भोक लांबोळकं झालंय का? तसं असेल तर पॅडवर वेल्डिंग भरून पुन्हा योग्य मापाचं भोक पाडून घे, किंवा बाहेरच्या टर्नरकडून रिंग बसवून घे. भोक आणखी मोठं करून एक्सल ‘ठोकून’ जागेवर आणणं म्हणजे पुढच्या खड्ड्यात तो परत सरकणार, याची व्यवस्था. सेंटर बोल्ट नवा, त्याच डोक्याच्या मापाचा. यू-बोल्ट एकदा उघडले की टाकून द्यायचे. ते ताणले गेलेले असतात, दुसऱ्यांदा कसले तर तेवढी पकड देत नाहीत.

नवे यू-बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच, तिरक्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानं कस. किती, ते तुझ्या यू-बोल्टच्या जाडीवर आणि कंपनीच्या पुस्तकावर ठरेल, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नकोस. पाट्याच्या मागच्या टोकाच्या शॅकलचे बोल्टही भारावरच कसायचे. गाडी अधांतरी असताना कसलेस तर रबर बुश वळलेल्या स्थितीत अडकतात आणि लवकर फाटतात. पाचशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा कसून घे.

आता प्रोपेलर शाफ्ट. गाडी खाली आली म्हणजे एक्सल चासीच्या जवळ गेला, तेव्हा शाफ्टचा कोन बदलतो. गिअरबॉक्समधून निघणारी रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हव्यात, म्हणजे दोन्ही क्रॉसचे कोन सारखे राहतात आणि एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. मी एक अंशापर्यंतचा फरक चालू देतो. प्रत्येक क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आत ठेव, पण शून्यही करू नकोस. रोलर अजिबात फिरले नाहीत तर एकाच जागी खड्डा पाडतात. पाट्यांच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवावं लागतं. त्यासाठी पाटा आणि पॅड यांच्यामध्ये पोलादी फाचर घालतात, लाकडाची किंवा ॲल्युमिनियमच्या तुकड्याची नाही. शाफ्टचा सरकणारा भाग खाली बसून आत भिडत नाही ना, तेही बघ. किमान इंचभर मोकळा ठेव. साठ-सत्तरच्या वेगाला सीटखाली थरथर आली, तर क्रॉस बदलण्याआधी हे कोन मोज.

ब्रेककडे दुर्लक्ष होऊ देऊ नकोस. काही पिकअपना मागच्या हाउसिंगपासून चासीवरच्या वॉल्व्हपर्यंत एक दांडी असते. हाउसिंग जितकं चासीजवळ येतं, तितका लोड जास्त आहे असं ती वॉल्व्हला सांगते, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडला जातो. गाडी खाली घेतलीस आणि दांडी तशीच ठेवलीस, तर रिकामी गाडी भरलेली असल्यासारखे मागचे ब्रेक लावील, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं धरून गाडी फिरेल. तुझ्या गाडीला ती असेल, तर वॉल्व्ह पुन्हा बसवल्याशिवाय करंजी घाट उतरू नकोस. ब्रेकचा रबरी पाइप ताणतो किंवा घासतो का, आणि शॉकअप पूर्ण दबून बसतात का, हेही पाहून घे. लांब शॉकअप खाली घेतलेल्या गाडीत पाट्याआधीच तळ गाठतात.

काम करताना गाडी चासीखाली घोडे (स्टँड) लावून ठेवायची. जॅकवर किंवा विटांवर नाही, मग ते पाच मिनिटांचं काम असो. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाट्यांच्या गठ्ठ्याला दोन्ही बाजूंना क्लँप लाव, नाहीतर कमानीतला ताण एकदम सुटतो आणि पाटा हातावर बसतो. माझ्या ओळखीच्या एकाची दोन बोटं अशीच गेली, म्हणून हे ओरडून सांगतो.

क्रमही सांगतो. आधी उंची ठरव, दोन दिवस गाडी चालवून पाटे बसू दे. मग एक्सल काटकोनात, त्यानंतर पिनियनचा कोन, आणि सगळ्यात शेवटी पुढचा टो-इन व हेडलाइट. पुढची चाकं आधी सरळ केलीस तर ती मेहनत वाया जाईल, कारण मागचा एक्सल हलला की सगळं बदलतं.

नवे यू-बोल्ट मागवण्याआधी एवढं कर. दोन्ही बाजूंची अंतरं, दोन्ही कर्ण, पाट्यांची संख्या, हाउसिंग आणि बंप रबर यांच्यातलं अंतर, आणि क्रॉसचे दोन कोन, हे सगळं कागदावर लिही आणि त्याचा फोटो मला पाठव. मी ते बघून किती खाली घ्यायची ते सांगतो. तोवर गाडीला जॅक लावू नकोस.

तुझा
मामा