उन्हाची वीज

आगाशीची सुकेळी कोणाला ठाऊक नाहीत? पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली, की पुष्कळ दिवस टिकतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील उन्हातच वाळतात. मिठागरात खाडीचे पाणी उन्हाने आटते आणि खाली मीठ उरते. आपल्या वसईत ऊन असे पिढ्यान् पिढ्या राबत आले आहे. मजुरी मात्र त्याने कधी मागितली नाही!

आता हेच ऊन दिवा लावते, पंखा फिरवते, विहिरीवरचा पंपही चालवते.

आज आपल्या घरी येणारी बरीचशी वीज कोळशाची असते. आपल्याच जिल्ह्यात डहाणूला कोळशावर चालणारे वीज केंद्र आहे. कोळसा मात्र आपल्याकडे निघत नाही. तो दुरून रेल्वेने आणावा लागतो. तो जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेने चक्र फिरवायचे. एक युनिट विजेला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. मागे राख उरते, धूर हवेत जातो. त्या धुराने पृथ्वीची हवा तापत चालली आहे. शिवाय जमिनीतला कोळसा एकदा जळला तो जळला. डिझेलचेही तसेच.

उन्हाची वीज करताना काही जळत नाही. छपरावर काळ्या-निळ्या काचेची तावदाने बसवतात. त्यांना सौर पॅनेल म्हणतात. आत सिलिकॉन नावाच्या पदार्थाच्या पातळ चकत्या असतात. सिलिकॉन वाळूपासून काढतात. चकतीवर उजेड पडला, की तिच्यात वीज वाहू लागते. वीज होते ती उजेडाने, उष्णतेने नव्हे. फार तापले तर पॅनेल उलट थोडी कमीच वीज देते. ही वीज इन्व्हर्टर नावाच्या पेटीतून जाते आणि घरात वापरण्याजोगी होते.

एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटे मिळतात. एका युनिटात दहा वॅटचा दिवा १०० तास जळतो. पावसाळ्यात आभाळ भरले, की वीज कमी होते.

दिवसा जास्त झालेली वीज तारेवरून महावितरणकडे जाते. रात्री आपण त्यांची वीज घेतो. जाणारी आणि येणारी, दोन्ही वीज मोजणारा मीटर बसवतात. बिल उरलेल्या फरकाचे येते.

एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "मग लाईट गेली तरी आमच्याकडे पंखा चालेल ना?"

नाही, मावशी. वसईत हे आधीच सांगितलेले बरे. तारेवरची वीज गेली, की असे पॅनेलही आपोआप बंद पडते. तसे नसते, तर आपली वीज तारेत शिरली असती आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव गेला असता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा आपल्याकडे कित्येक ठिकाणी वीज गेली होती. अशा वेळी दिवा हवा असेल, तर बॅटरी लागते आणि तिला जोडलेला इन्व्हर्टरही तसाच लागतो. त्याचा खर्च वेगळा. विकणारा हे सांगेलच असे नाही. आपणच विचारावे.

पॅनेलसाठी केंद्र सरकारने २०२४ साली पीएम सूर्यघर योजना सुरू केली. तिच्यात एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. घर आपले हवे, वीजजोडणीही हवी. अनुदान काम पुरे झाल्यावर आपल्या बँकेच्या खात्यात येते. म्हणून "अनुदान मिळवून देतो, आधी पैसे द्या" असे कोणी म्हणाला, तर पैसे देऊ नयेत. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये. आता आपल्याला वाचता येते. कागद आधी पुरा वाचावा.

जागा निवडताना वाडीतल्या माडांकडे पाहावे. माडाच्या एका झावळीची सावली पडली, तरी वीज बरीच घटते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे. वारा समुद्राचा आहे, तेव्हा खालचा सांगाडा गंज न धरणारा आणि घट्ट बांधलेला हवा. काचेवर खारट धूळ बसते. ती सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, काच तडकते.