केनवडच्या छतावर सौर वीज : खिशातून नेमके किती जातात?

सौर पॅनेल विकायला दारात येणारा माणूस आधी विचारतो, "तीन किलोवॅट बसवायचं की पाच?" रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात या प्रश्नाचं उत्तर त्याला लगेच देऊ नका. आधी महावितरणचं बिल काढा. त्यावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे आकडे कागदावर उतरवून बेरीज करा आणि बाराने भागा. खर्च, अनुदान, कर्ज, परतफेड हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा न पाहता दिलेलं कोटेशन हा नुसता अंदाज असतो.

एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिटच्या आसपास वीज देतो. त्याला स्लॅबवर साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचं कडुलिंबाचं झाड यांची सावली सकाळ-दुपार-संध्याकाळ कुठे सरकते ते एकदा स्वतः छतावर जाऊन पाहा. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावली सबंध ओळीची वीज खाली आणते.

आता हिशेब. समजा, गावठाणातल्या एका घराचा वापर महिन्याला २५० युनिट आहे. घरगुती दरात पहिल्या १०० युनिटला वहन आकारासह सहा रुपयांच्या आसपास आणि १०१ ते ३०० मधल्या युनिटला अकरा रुपयांच्या आसपास पडतात. वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे स्थिर आकार सोडून बिल जातं २,६०० रुपयांच्या घरात. दोन किलोवॅटचा संच महिन्याला २४० युनिट देईल आणि बिलातले अडीच हजार रुपये वाचतील. अनुदानाला पात्र पॅनेल धरून दोन किलोवॅटचं कोटेशन साधारण १,२०,००० ते १,४०,००० रुपयांचं येतं. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेतून ६०,००० रुपये परत मिळतात. स्वतःचे सत्तर हजार गेले असं धरलं, तर ते अडीच वर्षांच्या आत वसूल होतात. पॅनेल पंचवीस वर्षं चालायचे असतात, त्यामुळे हा सौदा चांगलाच आहे.

त्याच घराला तीन किलोवॅट विकला, तर चित्र पालटतं. या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान आहे, तिसऱ्याला फक्त १८,०००. पुढे काहीच नाही. घरगुती अनुदानाची कमाल मर्यादा ७८,००० रुपये, मग संच पाचाचा बसवा की दहाचा. तिसऱ्या किलोवॅटसाठी खिशातून आणखी तीस-चाळीस हजार जातात आणि त्याची वीज घरात खपत नाही, ती तारेत जाते. तिला वर्षअखेर युनिटमागे तीन रुपये मिळाले असं धरलं, तरी ती रक्कम सुटायला आठ-दहा वर्षं जातील. घरात लवकरच पिठाची घरगुती चक्की, एसी किंवा विजेवरची गाडी येणार असेल, तर गोष्ट वेगळी.

शंभर युनिटच्या आत बिल असणाऱ्यांचं गणित निराळं. त्यांचं बिल मुळात सहा-सातशे रुपयांचं, म्हणून वसुली सावकाश होते. अशा घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजना आणली. तिच्यात एक किलोवॅटला केंद्राच्या ३०,००० वर राज्याची भर पडते : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० आणि सर्वसाधारण गटाला १०,००० रुपये. पन्नास हजारांचा संच धरला, तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाच्या वाट्याला अडीच हजारच उरतात. योजनेत घरांची संख्या मर्यादित आहे, तेव्हा पिवळं रेशन कार्ड असेल तर आधी रिसोडच्या महावितरण कार्यालयात चौकशी करा. तीन किलोवॅटच्या कर्जाचा विचार नंतर.

बिल आजोबांच्या नावावर आहे?

गावातली निम्मी अडचण इथे असते. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तीन भावांची नावं, आधार कार्डावर आडनावाचं स्पेलिंग निराळं, आणि बँक खातं सूनबाईंचं. अर्ज योजनेच्या पोर्टलवर भरला जातो, पण पुढे कर्जाला किंवा अनुदानाला येऊन अडतो, कारण वीजग्राहक, अर्जदार आणि खातेदार ही एकच व्यक्ती असावी लागते. पॅनेल छतावर चढल्यावर हे लक्षात आलं, तर पैसे गुंतलेले असतात आणि घाई तुम्हालाच असते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी थकबाकी असेल तर भरून टाका. मग मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र आणि नमुना ८ चा उतारा जोडून महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. नवीन नावाचं एक बिल हातात येऊ द्या. त्यावर आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदवला आहे ना, ते तपासा, कारण पुढचे सगळे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. भावांचं छत सामाईक असेल, तर त्यांची लेखी संमतीही आत्ताच घ्या. आज गोडी असली तरी कागद असू द्या, पॅनेल पंचवीस वर्षं त्या छतावर राहणार आहेत. या सगळ्याला मुद्रांक आणि झेरॉक्सचे काय ते पैसे लागतात, एजंटला हजारो द्यायची गरज नाही.

अर्ज ते नेट मीटर

नोंदणी 'पीएम सूर्यघर'च्या राष्ट्रीय पोर्टलवर होते. तिथल्या यादीत नोंद असलेल्या पुरवठादाराकडूनच संच बसवला तर अनुदान मिळतं, म्हणून दुकानाच्या पाटीवर न जाता नाव पोर्टलवर शोधा. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही, तो मंजूर समजला जातो. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्कांचे नियम बदलले तेव्हापासून ही सोय आहे. मंजूर भार कमी असेल, तर तोही वीज कंपनीने गरजेइतका वाढवून द्यायचा असतो. त्याच नियमांनुसार ५ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी डीपी किंवा लाईन सुधारावी लागली, तर तो खर्च कंपनीचा. "डीपीसाठी वेगळे द्यावे लागतील" असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे लेखी मागणीपत्र मागा.

संच बसला की पुरवठादार पोर्टलवर तपशील आणि फोटो चढवतो, महावितरणशी नेट मीटरिंगचा करार होतो, तपासणी होते आणि जुन्या मीटरच्या जागी आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर लागतो. या योजनेतल्या ग्राहकांना नेट मीटर महावितरणकडून मोफत मिळेल, असं २०२४ मध्येच जाहीर झालेलं आहे. कोटेशनमध्ये "नेट मीटर चार्जेस" अशी ओळ दिसली, तर ती कशाची ते विचारा.

नेट मीटर लागेपर्यंत संच चालू करू नका. साधा डिजिटल मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजू शकतो, मग बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढून येतं.

कोटेशनमध्ये लपलेले पैसे

दोन कोटेशन शेजारी ठेवली आणि त्यांत तीस हजारांचा फरक दिसला, तर आधी पॅनेलचा प्रकार पाहा. अनुदान फक्त भारतात बनलेल्या सेलच्या, म्हणजे 'डीसीआर' पॅनेलला आहे. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त पडतात आणि छतावर दोन्ही सारखेच दिसतात. प्रत्येक पॅनेलच्या मागे अनुक्रमांक असतो. माल दारात उतरला की ते सगळे क्रमांक मोबाइलवर टिपा आणि डीसीआर प्रमाणपत्रावरच्या क्रमांकांशी ताडून पाहा. त्याच वेळी इन्व्हर्टरवरची पट्टी वाचा. अनुदान पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तिच्यावर मोजतात. पॅनेल २.१६ किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर दीड किलोवॅटचा, अशी जोडी लावली तर अनुदान कापलं जातं.

लोखंडी सांगाडा ही दुसरी जागा. स्लॅबवर खाली मांडणी स्वस्त, पण त्या जागेत मग वाळवण घालता येत नाही आणि उन्हाळ्यात झोपताही येत नाही. माणूस उभा राहील इतका उंच सांगाडा हवा असेल, तर दहा-वीस हजार जास्त धरा. तो गरम जस्तलेपाचा घ्या, नुसता रंग दिलेला दोन पावसाळ्यांत गंजतो. टिनपत्र्याच्या घरावर पत्र्याला भोकं पाडून काम उरकू देऊ नका. खालच्या लोखंडी कैच्या आणि पाइप वजन पेलतील का, हे गावातल्या जाणत्या वेल्डरकडून पाहून घ्या. आमच्या विदर्भात माकडांचा त्रास आहे, त्यामुळे उंच आणि घट्ट बांधणीचा खर्च वाया जात नाही.

अर्थिंगवर मात्र एक रुपया वाचवू नका. पॅनेलच्या बाजूला एक, घराच्या वीजबाजूला एक आणि वीजरोधकाला एक, असे तीन वेगळे खड्डे हवेत. मृगाच्या आधीचे वळवाचे गडगडाट इथल्या माणसाला सांगायला नकोत. वीज शेजारी पडली तरी खराब अर्थिंगच्या घरात इन्व्हर्टर जळतो.

जीएसटीचा फेर सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. सौर सामानावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि बसवणुकीसह पूर्ण कामावर तो साधारण ८.९ टक्के पडतो. कोटेशनवर जुनाच १३.८ टक्के लावलेला असेल, तर दुरुस्त करून घ्या.

आणि हे लिहून ठेवा : लाइट गेली की संचही बंद पडतो. भर दुपारी, लख्ख उन्हात. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, आणि ते बरोबरच आहे. "सोलर बसवा, लोडशेडिंग विसरा" असं सांगून साधा संच विकणारा माणूस खोटं बोलतो. घरात इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर ती राहू द्या. हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घेतली, तर खर्च लाखाच्या घरात वाढतो आणि बॅटरीला अनुदान नाही. डीपीवर व्होल्टेज फार चढउतार करत असेल, तरीही संच मधूनमधून तुटतो. म्हणून पैसे देण्याआधी दुपारी आणि संध्याकाळी मीटरजवळचं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या, आणि ते बिघडलेलं असेल तर त्याची तक्रार आधी नोंदवा.

३१ मार्चची तारीख

नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण आर्थिक वर्ष संपलं की खातं मिटतं आणि उरलेली युनिट कमी दराने विकत घेतली जातात. आपल्याकडे नेमकं त्यानंतर एप्रिलमध्ये कूलर सुरू होतात. हिवाळ्यात साठवलेली युनिट उन्हाळ्यात वापरू, हा बेत त्यामुळे जमत नाही. उन्हाळ्यात संच वीज भरपूर देतो, तेव्हा वार्षिक सरासरीइतकाच संच घ्या आणि चार-दोन महिने थोडं बिल येऊ द्या. स्थिर आकार तर दर महिन्याला येणारच.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी चालू असताना पॅनेलवर भुसा आणि धूळ बसते. त्या दिवसांत दर आठवड्याला पहाटे गार पॅनेलवर साधं पाणी मारा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल. आजच्या भावाने त्याचे पंचवीस ते चाळीस हजार बाजूला धरून ठेवा.

दुकान, गिरणी, दालमिल

व्यावसायिक आणि औद्योगिक मीटरला हे अनुदान नाही. मात्र त्यांचा दर चढा असतो आणि आयकर भरणाऱ्याला सौर संचावर ४० टक्के घसारा मिळतो, त्यामुळे तिथेही पैसे सुटतात. धंद्याच्या मीटरला दिवसाच्या वेळेनुसार दर लागतात. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या दर-आदेशावर फेरविचार झाला, आणि दुपारची जास्तीची वीज संध्याकाळच्या वापरात कशी वळती करायची यावर मोठा वाद झाला. म्हणून दुपारी प्रत्यक्ष खपेल तेवढाच संच घ्या. दिवसभर चालणाऱ्या दालमिलला तो शोभतो, संध्याकाळी गर्दी असणाऱ्या हॉटेलाने जपून घ्यावा. शेतातल्या साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल सध्या माफ आहे, त्याच्यासाठी यात पडू नका. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही वेगळी योजना आहे, तो पंप ग्रीडला जोडलेला नसतो.

पैसे कधी द्यायचे

अनुदान नंतर येतं, आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. तीन किलोवॅटपर्यंत बँका दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्याज सहा टक्क्यांच्या आसपास. दहा टक्के स्वतःचे घालावे लागतात. १,३०,००० च्या संचाला १,१७,००० चं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता २,२५० ते २,३०० रुपये पडतो, म्हणजे वाचलेल्या बिलाच्या आत. अनुदान आलं की ते कर्जातच भरा.

रोख देत असाल तर करार करताना दहा टक्के द्या, माल दारात उतरून क्रमांक ताडल्यावर मोठा हप्ता द्या, आणि किमान पंधरा टक्के नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. पाच वर्षं देखभाल पुरवठादाराने करायची, हे योजनेतच आहे. ते करारात लिहून घ्या, सही-शिक्क्यासह.

नेट मीटर लागल्यावरची पहिली दोन बिलं नीट वाचा. आयात युनिट, निर्यात युनिट आणि पुढे जमा युनिट अशा तीन गोष्टी त्यावर दिसल्या पाहिजेत. मीटरचं बटण दाबून दोन्ही आकड्यांचे फोटो महिन्याच्या ठरावीक तारखेला काढत जा. निर्यात शून्य दाखवून सरासरीचं बिल आलं, तर ते फोटो घेऊन रिसोडच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महावितरणचा क्रमांक १९१२, सूर्यघर योजनेचा १५५५५. तिथे दाद लागली नाही, तर पोचेची प्रत जोडून वीजग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, आणि त्यासाठी वकील लागत नाही.