पालला कधी जावे?

प्रश्न : रावेरला बहिणीकडे येतो आहोत. आई-वडील सोबत आहेत. सातपुड्यातलं पाल एका दिवसात होईल का?

उत्तर : आरामात होईल. सावदा-खिरोदा मार्गे केळीच्या बागा मागे पडल्या की सातपुड्याचा घाट लागतो. दिवाळीनंतर, थंडीत या. एप्रिल-मेचं रावेरचं ऊन वडीलधाऱ्यांना सोसवत नाही. जाता-येता सुकी नदीवरचं गारबर्डी धरण पाहा, पण पाण्यात उतरू नका. पुढचं जंगल यावल अभयारण्याचं, 1969 पासून संरक्षित. आत शिरायचं तर आधी वनखात्याची परवानगी घ्या. साग, सालई ओळखीचे असतील. मुलं सोबत असतील तर त्यांना अंजनाचं झाड मुद्दाम दाखवा, जोडपानं लगेच कळतात. होळीआधी आलात तर आदिवासींचा भोंगऱ्या बाजार चुकवू नका. मात्र पावरा-तडवी मंडळींचे फोटो विचारूनच काढा.