टाकीला ठिगळ नको

प्रश्न : आमच्या कारखान्यातील जुन्या कॉम्प्रेसरच्या टाकीला बुडाशी सुईएवढे छिद्र पडले आहे. वेल्डिंग करून चालेल काय? (एक वाचक, किला गेट, ग्वाल्हेर)

उत्तर : मुळीच नाही. पावसाळ्यातील दमट हवेचे बाष्प दाबाखाली पाणी होऊन बुडाशी साचते व पत्र्यास आतून कुरतडीत राहते. तेव्हा छिद्र एकच दिसत असले, तरी भोवतालचा पत्रा विरलेला असण्याचा संभव दाट, मग ठिगळ टिकावे कशावर? नवी टाकीच घ्यावी व तिची परीक्षा सामान्यतः कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाणी भरून करवावी, हवेने कदापि नव्हे. पाणी फारसे दबत नाही, दबलेली हवा मात्र टाकी फुटताना पत्रा भिरकावते. तरीही गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हच ठोकून बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत! रोज सायंकाळी बुडाची तोटी उघडून पाणी सोडीत जा. जुनी टाकी, हवा पूर्ण सोडून, भोके पाडूनच भंगारात द्यावी.