जुन्या लाकडाचा पाट

जुने घर पाडले म्हणजे त्याचे वासे, तुळया व दारांच्या फळ्या बहुधा चुलीत जातात. ही मोठी हानी होय. ज्या वाळण्यासाठी नव्या लाकडाला वर्षभर थांबावे लागते, ते जुन्या लाकडात केव्हाच पुरे झालेले असते.

वाळणे म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे. ओल्या लाकडातील पाणी गेले की ते आकसते. परंतु सर्व बाजूंनी सारखे नव्हे. लांबीत आकसणे नाममात्र असते. गाभ्यापासून सालीकडे ते अधिक, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने त्याच्याही सुमारे दुप्पट असते. फळी वाकते, पीळ खाते व चिरते, ती मुख्यतः यामुळे.

वादळात पडलेला आंबा कोणी घरी चिरून घेत असेल, तर त्याने विलंब करू नये; सालीसकट पडलेल्या आंब्याला कीड लवकर लागते. (उभे झाड तोडणे निराळे. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यान्वये साग, आंबा इत्यादी ठराविक झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत.) फळ्या जमिनीपासून उंच, सावलीत, वारा खेळेल अशा रचाव्यात. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या काठ्या एकीवर एक नेमक्या येतील अशा घालाव्यात. टोकांतून पाणी फार जलद जाते, म्हणून त्यांस मेण फासावे. इंचभर जाडीस एक वर्ष, असा सर्वसाधारण अंदाज आहे. उतावळेपणाने उन्हात टाकलेली फळी हमखास तडकते.

जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात. लोहचुंबक फिरवून ते शोधावेत, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच म्हणून समजावे. पण खरे भय रंगाचे आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे पुष्कळ असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करते. असे लाकूड घासू नये, तासू नये, चुलीत तर मुळीच घालू नये. पाटासाठी बिनरंगाची फळीच निवडावी.

आता पाट. दीड फूट लांब, सव्वा फूट रुंद व इंचभर जाड फळी घ्यावी. रेषा लांबीच्या दिशेने असाव्यात. खालून रुंदीच्या दिशेने दोन जाड पट्ट्या लावतात. येथेच पुष्कळ जण फसतात. फळी पावसाळ्यात रुंदीने फुगते व उन्हाळ्यात आकसते, पट्टी मात्र लांबीत हलत नाही. पट्टी सरस लावून दोन्ही टोकांस घट्ट ठोकली, तर एखाद्या उन्हाळ्यात फळी मधोमध फाटते. म्हणून सरस लावूच नये. मधला स्क्रू घट्ट बसवावा, व टोकांच्या स्क्रूंसाठी पट्टीत सामत्याने पाडलेली भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने थोडी लांबट करावीत, म्हणजे फळीस सरकण्यास जागा राहते.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी.