एलईडी बसवले, तरी पावसात दिसेना

प्रश्न : माझ्या जुन्या हॅचबॅकला बाजारातले एलईडी बल्ब बसवले. समोरचे सारखे डिपर मारतात, पावसात रस्ता आधीपेक्षा कमी दिसतो आणि डावा दिवा मधूनच लुकलुकतो. काय करू?

उत्तर : लुकलुकण्याचं आधी पाहू. डावा-उजवा बल्ब अदलाबदल करा. दोष बल्बाबरोबर उजवीकडे गेला तर बल्ब किंवा त्याचा ड्रायव्हर खराब. डावीकडेच राहिला तर होल्डर काळा पडलाय का ते बघा, अर्थिंगचा बोल्ट काढून गंज घासा.

डिपरचं कारण वेगळं. तुमचा रिफ्लेक्टर एच४ हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला आहे. त्या बल्बात लो-बीमच्या तारेखाली छोटी धातूची वाटी असते, वर उडणारा प्रकाश तीच अडवते. एलईडीची चिप नेमक्या त्या जागी नसेल तर प्रकाश विखुरतो. पावसात तो थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो. बल्बाची कॉलर फिरवून चिपा आडव्या, म्हणजे डावी-उजवीकडे तोंड करून ठेवा. मग भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सपाट जागी उभी करून लो-बीम लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी आणि फक्त डावीकडे चढती.

कड पुसटच राहिली, तर एलईडी काढाच. ६०/५५ वॉटचे चांगले हॅलोजन, थेट बॅटरीवरून रिलेचं वायरिंग आणि पिवळ्या काचेला पॉलिश, एवढ्यानेच फरक जाणवेल. दुकानदार १००/९० गळ्यात मारेल. होल्डर वितळवायचा नसेल तर नको म्हणा. नव्या हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका.